आडकू आणि धुळ्याचं चुंबक

हाताच्या किंवा पायाच्या हाडात काहीतरी निघालंय आणि डॉक्टरांनी "एमआरआय करून या" असं सांगितलंय, अशा माणसांसाठी हे लिहितो आहे. रोगाची माहिती तुम्हाला डॉक्टर देतील आणि माझ्यापेक्षा बरी देतील. आत गेल्यावर माणसाचं काय होतं आणि बाहेर बसलेल्या घरच्यांचं काय होतं, तेवढंच मी सांगणार आहे. मी धंद्याने पेंटर, जळगावात दुकानांच्या पाट्या रंगवतो. मोठी अक्षरं आणि थोडे शब्द एवढीच सवय आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

नाव

आधी माझ्या नावाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे.

माझ्या आधी मायला दोन मुलगे झाले आणि दोघेही पाळण्यातच गेले. मी झालो तेव्हा माझं नाव ठेवलं आडकू. हा तरी इथे अडकून राहू दे, म्हणून आडकू. रावेर-यावलकडच्या आमच्या केळीच्या गावांत असे आडकू पुष्कळ सापडतील आणि तिथे त्या नावाला कोणी हसत नाही. जळगावात मात्र हसतात. मी पाट्यांच्या कोपऱ्यात सही करताना नुसतं "पेंटर" लिहायचो, नाव लिहीत नसे.

नावावर मायचं समाधान झालं नाही. बाराव्या दिवशी तिने पाच घरी पदर पसरून लोखंड मागितलं. कोणी खिळा दिला, कोणी तुटक्या विळ्याचा तुकडा दिला. गावच्या लोहाराने त्याची बारीक तार करून बाळी वळली, मायने ती स्वतः माझ्या उजव्या कानात घातली आणि लोहाराने टोकं दाबून टाकली. ही बाळी काढायची नाही असं ठरलं. शाळेत पोरं चिडवायला लागली तसे मी कानावर केस ठेवायला लागलो. पुढे कातडी तिच्यावर अर्धी चढली आणि मला त्या बाळीचा विसर पडला. दाढी करताना कधी वस्तरा अडला तरच आठवण व्हायची.

आणखी एक होतं. आमच्या घरात "सुटला" हा शब्द बंद होता. ते दोन भाऊ गेले तेव्हा आयाबाया मायला म्हणाल्या होत्या, सुटलं बिचारं. ते तिच्या मनात इतकं रुतलं की आमच्याकडे शाळा सुटायची नाही, शाळा "व्हायची". एसटी सुटायची नाही, "जायची". मी एकदा परीक्षेहून येऊन "सुटलो एकदाचा" म्हणालो तर मायने भाकरी अर्धवट तव्यावर टाकून मला जवळ ओढलं आणि कान चाचपून पाहिला. बाळी जागेवर होती.

फेस

माझं दुखणं रंगवतानाच लक्षात आलं. उभी रेघ वरून खाली ओढताना कोपराच्या खाली आतून कळ यायची. शिडीवरून तोल जाताना हात ओढला गेला असेल म्हणून मी तेल चोळलं. मग हाडवैद्याकडे गेलो, त्याने हात धरून असा काही झटका दिला की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सूज वाढली. शेवटी ब्रश धरला की "क" ची दांडी थरथरायला लागली, आणि पेंटरची दांडी थरथरली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. कोपराखालच्या हाडात साबणाचा फेस भरल्यासारखं दिसत होतं, बुडबुडेच बुडबुडे. बायको सुमन शेजारी होती. ती शिंदखेड्याकडची, मनात आलं ते बोलून टाकणारी. डॉक्टर म्हणाले, ही गाठ आहे आणि गाठ वाईटच असते असं नाही. ती हाडात राहिली असेल तर तेवढं हाड खरवडून हात वाचवता येईल. पण हाड फोडून बाहेर आली असेल, नसेला आणि रक्तवाहिनीला बिलगली असेल, तर हात कोपराच्या वरून काढावा लागेल. बाहेर आली आहे की नाही, ते एक्स-रेत दिसत नाही. त्यासाठी एमआरआय.

मी विचारलं, कुठला हात काढणार. हे काय विचारलं, असं माझं मलाच वाटलं. उजवा हात टेबलावर माझ्यासमोरच पडला होता.

त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून चालत घरी गेलो. वाटेत मी रंगवलेल्या पाट्या लागत होत्या आणि मी मान खाली घालून चाललो होतो. सुमनने सगळ्या पाट्या वाचल्या, मोठ्याने, एक एक करून. मला राग आला. आता वाटतं, तिला रडायचं नव्हतं म्हणून ती वाचत होती.

बोगदा

एमआरआयसाठी मुंबईला एका मोठ्या इस्पितळात गेलो. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, सगळं काढून घेतलं. अंगावर आणखी काही धातू आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. कोणी मला कान आहे का असं विचारलं असतं तर हो म्हणालो असतो, पण कानातल्या बाळीला मी कधी धातू समजलोच नव्हतो.

यंत्र म्हणजे एक लांब पांढरा बोगदा. तपासायचा हात असला तरी अख्खा माणूस आत जातो. हातात एक रबरी फुगा दिला आणि घाबरलात तर दाबा असं सांगितलं. फळी सरकली. माझं डोकं बोगद्याच्या तोंडाशी आलं आणि उजवा कान कोणीतरी ओढायला लागलं. चिमटीत धरून नव्हे, दोरा बांधून ओढावं तसं, हळू पण सोडायचं नाही असं. नाकासमोर वीतभर अंतरावर छत होतं, दोन्ही दंड भिंतींना टेकत होते, आणि कान आतल्या बाजूला ओढला जात होता. मला ते दोघे भाऊ आठवले, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. मला वाटलं, ते बोलावताहेत. मी फुगा दाबला, दाबतच राहिलो, आणि बाहेर काढल्यावरही माझी मूठ उघडेना.

दुसऱ्या खेपेला इंजेक्शन देऊन नेलं. डोळे मिटत होते, अंग जड झालं होतं, आणि बरोबर त्याच जागी पुन्हा कान ओढला गेला. मी ओरडलो म्हणे. मला ते आठवत नाही. कानाचं मी कोणाला सांगितलं नाही, सांगणार तरी काय. कागदावर लिहून मिळालं की रुग्णाला बंद जागेची भीती आहे.

जळगावचे डॉक्टर रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. चित्राशिवाय अंदाजाने उघडलं आणि गाठ बाहेर आलेली निघाली तर जिवाशी खेळ होईल, आणि तेवढा धोका पत्करण्यापेक्षा हात वरूनच काढलेला बरा. मला कळलं की आता माझा हात गाठीमुळे नाही, माझ्या भित्रेपणामुळे जाणार आहे. या विचाराने मला जेवण जाईना.

खाटेखाली

घरी आल्यावर सुमनचा बांध फुटला. माणसं बाळंत होतात, विहिरीत उतरतात, आणि तुम्हाला एका नळीत पडून राहता येत नाही, असं ती म्हणाली. मी म्हणालो, तूच जा मग. ती म्हणाली, गेलेच असते. मग हळू आवाजात तिने विचारलं, "तुमले हात जोयजे का नई, तेवढं सांगा." मी म्हणालो, हवा आहे. तिने ते गंभीरपणे घेतलं आणि मला तालमीला बसवलं.

तालीम म्हणजे अशी. मी खाटेखाली झोपायचं. चारी बाजूंनी गोधड्या सोडायच्या. वर सुमन बसणार आणि पातेल्यावर उलथनं वाजवणार, कारण यंत्रात फार आवाज होतो असं आम्ही ऐकलं होतं. शेजारीण विचारायला आली तेव्हा सुमनने तिला मुंग्या झाल्यात असं सांगितलं. गंमत अशी की खाटेखाली मला काहीच झालं नाही. पहिल्या दिवशी थोडा घाम आला, नंतर तर डुलकी लागायला लागली. मी घोरतोय हे ऐकून ती जास्तच चिडली. मलाही कळेना की घरी जमतं ते तिथे का जमत नाही.

अशातच जळगावच्या डॉक्टरांनी निरोप पाठवला. धुळ्याला एका हाडांच्या डॉक्टरांकडे छोटं यंत्र आलं होतं. त्यांचे भाऊ परदेशात अशी यंत्रं बनवणाऱ्यांबरोबर काम करत आणि चाचणीसाठी एक इथे बसवलं होतं. त्यात माणूस आत जात नाही. हात तर फक्त हात, पाय तर फक्त पाय.

मी निघालो तशी मायही निघाली. ती गावाहून पिशवी घेऊनच आली होती. तिला नको म्हणणारा अजून जन्मला नाही.

धुळे

यंत्र पिठाच्या गिरणीएवढं होतं, आडवं ठेवलेलं पांढरं पिंप आणि मधे भोक. जवळून सतत चिक-चिक असा आवाज येत होता. धुळ्याच्या डॉक्टरांना त्याचं भारी कौतुक. त्यांनी मला समजावलं की आत तारेचं वेटोळं आहे आणि ते हेलियम नावाच्या पातळ केलेल्या वायूत बुडवून इतकं गार ठेवलं आहे की तारेत विजेला अडवणारं काही उरत नाही. एकदा वीज सोडली की ती गोल गोल फिरतच राहते. मागून ढकलावी लागत नाही आणि थांबतही नाही. तिच्यामुळे चुंबक होतं.

"मग बाहेर कशी येते?" मी विचारलं.

"येत नाही. आतच राहते."

मी मनात म्हटलं, ही पण आडकूच. मला तिची दया आली, खरंच सांगतो.

यंत्र चालवणाऱ्या अहिरे मॅडम मूळ पिंपळनेरच्या. त्यांनी सुमनचं बोलणं ऐकलं आणि दोघींची अहिराणी जुळली. दाराबाहेर जमिनीवर लाल पट्टा मारला होता, त्याच्या आत लोखंड न्यायचं नाही. मॅडमनी सुमनला विचारलं, "बठ्ठं काढी टाकं ना यास्नं?" सुमन म्हणाली, "हा, बठ्ठं," म्हणजे सगळं. तिने माझे खिसे स्वतः उलटे करून पाहिले होते. बायको झाली तरी कानातल्या बाळीला तीही "बठ्ठं" मधे धरत नव्हती.

मला खुर्चीत बसवलं. हात कोपरापर्यंत जायला हवा म्हणून खांदा यंत्राला लावावा लागला आणि गाल जवळजवळ त्याला टेकला. आणि कान ओढला गेला. तोच दोरा, तीच ओढ, बंद जागा नसताना. मी जागच्या जागी गारठलो. पण या वेळी माझं डोकं बाहेर होतं आणि समोर मॅडमचा चेहरा होता, म्हणून मला बोलता आलं. मी म्हणालो, मॅडम, हे माझा कान ओढतंय.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात बाहेर काढला, मला दाराबाहेर नेलं, कानावरचे केस मागे सारले आणि बघतच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, हे मुंबईला पण कानात होतं?"

मी हो म्हणालो. हे लोखंड आहे, चुंबक ओढत होतं याला, कान तुटला असता, असं त्या म्हणाल्या. मला मात्र अंगातून काहीतरी ओझं उतरल्यासारखं झालं. ते दोघे नव्हते. विळ्याचा तुकडा होता. मला हसू यायला लागलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

बाळी

मॅडम म्हणाल्या, पक्कड आणून तोडू, मिनिटाचं काम आहे. मी कानावर हात ठेवला. का ठेवला ते मला सांगता येणार नाही. पाट्या रंगवणारा, वर्तमानपत्र वाचणारा माणूस मी, पण हात आपोआप वर गेला. मी म्हणालो, मायला विचारा.

माय बाकावर बसली होती. सुमनने तिला सांगितलं. माय उठून आली आणि मला न बघता मॅडमकडे गेली. तिने आत काय आहे ते विचारलं. मॅडमनी सोपं करून सांगितलं, मोठं चुंबक आहे, लोखंड धरतं.

"धरलं का सोडत नाही?"

"सोडत नाही, आजी. बंदच होत नाही ते. लाईट गेली तरी चालूच."

माय त्या पांढऱ्या पिंपाकडे लाल पट्ट्याबाहेरून पाहत होती. मला भीती वाटली की ती नाही म्हणेल. आणि त्याहून जास्त भीती वाटली की ती हो म्हणेल आणि आत जाताना माझं काही झालं तर जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल. ती वळली आणि म्हणाली, "म्याच घातली, म्याच काढीन. कोनी हात लावू नोको."

जनरेटरच्या खोलीतून पक्कड आणली. सुमनने माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. सासू-सुनेचं एरवी पातेल्यावरून पातेलं वाजायचं, त्या दिवशी दोघींच्या चार हातांत माझं डोकं होतं. तार तुटली, थोडं रक्त आलं. मायने बाळी मुठीत घेतली आणि मूठ मिटून टाकली. मॅडम म्हणाल्या, आजी, ती मूठ घेऊन पट्ट्याच्या आत येऊ नका बरं. माय लाल पट्ट्याला लागून खाली बसली.

अंधार

आता हात पुन्हा आत गेला. वरून खालून उशा दाबल्या, पट्टे आवळले. जरा हललात तर चित्र बिघडेल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं मॅडमनी बजावलं आणि दार लावून घेतलं. ठक-ठक-ठक सुरू झालं. ज्यांना जायचं आहे त्यांना सांगतो, आवाजाला घाबरू नका, पातेल्यापेक्षा तो बरा. अवघड असतं ते न हलणं. नाक खाजतं, मग पाठ, मग जिथे कधीच खाजलं नाही तिथे खाजतं. हात आपला राहत नाही, दुसऱ्या कोणाच्या खिशात अडकलाय असं वाटतं. मी डोळे मिटून मनातल्या मनात पाट्या रंगवत होतो. किराणा भुसार मालाचे व्यापारी. सगळी अक्षरं सरळ येत होती.

आणि लाईट गेली. धुळ्यात दुपारची लाईट जाणं नवं नव्हतं, पण त्या खोलीला खिडकी नव्हती. ठकठक थांबली. समोरचा लाल दिवा गेला. माझ्या डोळ्यांपुढे आणि मिटल्या डोळ्यांमागे एकच काळं. चिक-चिकही बंद झालं, आणि तरी मला माहीत होतं की चुंबक चालू आहे, आत वीज फिरते आहे आणि माझा हात तिच्या मधोमध आहे. घामाने पाठ भिजली. पट्टा डाव्या हाताने सोडता येत होता, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. बोटं तिकडे गेलीसुद्धा.

दार उघडलं. मॅडमचा आवाज आला, जनरेटर लावताहेत, भाऊ, हात काढू नका, काढलात तर आज पुन्हा जमणार नाही. मी म्हणालो, नाही जमत मॅडम, मला बाहेर घ्या. माझा आवाज लहान मुलासारखा झाला होता आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

मग दाराबाहेरच्या लाल पट्ट्यापासून मायचा आवाज आला. ओरडून नाही, अंगणातून हाक मारावी तसा.

"आडकू, तुले म्या मुठीत धरेल हाये. नाव आडकू हाये ना तुहं? मंग आडकून राह्य."

इतक्या वर्षांत माझ्या नावाचा मला एवढा उपयोग कधी झाला नव्हता. मी डावा हात मांडीखाली दाबला आणि बसून राहिलो. मला सुटायचं होतं, सगळं अंग सुटायला ओढत होतं, आणि मी स्वतःहून अडकून राहिलो. धैर्य वगैरे नव्हतं त्यात. आई सांगते म्हणून मूल गप्प बसतं, तसा बसलो. जनरेटरचा धडधडाट आला, लाल दिवा लागला, ठकठक सुरू झाली आणि मला ती चक्क आवडली.

संपल्यावर मॅडम आत आल्या, पट्टे सोडले आणि सहज म्हणाल्या, "झालं भाऊ, सुटलात." मी दाराकडे पाहिलं. माय ऐकत होती. तिने मूठ आणखी घट्ट केली.

चित्र

चित्र डॉक्टरांनी दिव्याच्या पेटीवर लावलं. गाठ हाडाच्या कडेपर्यंत आली होती, एका जागी पापुद्रा कागदासारखा पातळ झाला होता, पण फुटला नव्हता. नस आणि रक्तवाहिनी बाजूने मोकळ्या जात होत्या. डॉक्टरांनी बोटाने ती वाट दाखवली. हात राहणार होता. सुमन खाली बसली आणि तिथेच, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी, फरशीवर बसून रडली. मला रडायला नंतर सवड मिळाली.

ऑपरेशन धुळ्यालाच झालं. गाठ खरवडली आणि कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरलं. गाठ दुष्ट जातीची नव्हती, पण तपासणीचा निकाल येईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांशी हवापाण्याचंच बोलत होतो. वॉर्डातले दिवस सगळे सारखे असतात. पहाटे थर्मामीटर, मग झाडू, मग चहा, मग डॉक्टर, आणि मग दुपार, जी काही केल्या संपत नाही. प्लॅस्टर दंडापासून बोटांपर्यंत होतं आणि आतली खाज कोणाला दाखवता येत नाही. मी खूप चिडचिड केली, विशेषतः सुमन भरवायची तेव्हा. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक नाना होते, ते म्हणाले, बायको भरवते तोवर खाऊन घे, नंतर वाढूनसुद्धा देणार नाही. सुमन त्यांच्यावर हसली आणि पुढचा घास मला जरा मोठा मिळाला. असल्या लहान लहान गोष्टींवर दिवस ढकलला जातो. अहिरे मॅडम ड्युटी संपल्यावर डोकावून जायच्या. माझ्या कानाला मलम त्याच लावायच्या.

मायला मी विचारलं, बाळी कुठे आहे. तिने सांगितलं नाही. अजूनही सांगत नाही.

कोपर

प्लॅस्टर काढायला पुन्हा धुळ्याला गेलो. माय सोबत होतीच. हात बाहेर आला तो वाळक्या काठीसारखा, कातडी सोलवटलेली. बोटं हलली. अंगठा तर्जनीला लागला, म्हणजे ब्रश धरता येणार होता. मग डॉक्टरांनी हात सरळ करायला सांगितला. तो अर्ध्या वाटेवर येऊन थांबला. मी जोर लावला, पण पुढे जाईना. व्यायामाने थोडा उघडेल, डॉक्टर म्हणाले, पण पूर्ण सरळ होईल असं धरून चालू नका.

एवढं सगळं होऊन माझा हात कोनात अडकलेला राहणार, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. हात वाचला याचा आनंद त्या क्षणी आठवेना. बाहेर बाकावर येऊन मी तो मांडीवर ठेवला आणि दाबून दाबून सरळ करायला लागलो. सुमन थांबवत होती, मी ऐकत नव्हतो.

मायने माझा हात आपल्या हातात घेतला. खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपला, कोपरापाशी थांबली, आणि जो शब्द तिने माझ्या जन्मापासून तोंडातून काढला नव्हता तो काढला.

"राहू दे येवढा आडकेल," ती म्हणाली. "बाकीचा सुटला ना."